छत्रीची केबल तुटली, मी जोडली, पण पाऊस पडला की चित्र जातं. जोड नेमका कसा मारायचा?

माडाखालचा:

नमस्कार मंडळी. घर देवगड तालुक्यात, मिठबावच्या अलीकडे. मी पुण्यात नोकरीला, घरी आई-बाबा दोघंच. टीव्हीला फ्री डिशची छत्री आहे. घराला माडांचा वेढा आणि नेमकं आग्नेयेला जुनं आंब्याचं झाड, म्हणून छत्री घरावर न बसवता मागच्या कातळावर सिमेंटचा ओटा करून बसवली. तिथून माजघरातल्या बॉक्सपर्यंत ३५ मीटर केबल, झाडाझाडाला बांधत आणलेली.

जूनच्या शेवटी माडाची झावळ पडली आणि केबल मधोमध तुटली. मी शनिवार-रविवार गाठून घरी गेलो आणि जोडली. कशी जोडली ते लपवत नाही: दोन्हीकडची साल ब्लेडने काढली, मधली तार मधल्या तारेला पिळली, तिच्यावर काळी टेप. मग मधल्या तारेभोवतीची धातूची जाळी दुसरीकडच्या जाळीला पिळली, वर पुन्हा काळी टेप. शेवटी दुधाची रिकामी पिशवी गुंडाळून सुतळीने बांधली.

पहिले आठ-दहा दिवस झकास. बॉक्समध्ये क्वालिटी ७२ दाखवत होती. आता सकाळी ३०-३५ असते, चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो. पाऊस थांबला तरी दुपारपर्यंत तेच. कडक ऊन पडलं की दोन-तीन तास व्यवस्थित, दिवेलागणीला पुन्हा बोंब. गंमत म्हणजे स्ट्रेंग्थची पट्टी कायम भरलेली, पडते ती फक्त क्वालिटी.

एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) गेली असेल का? की केबल अख्खी बदलावी लागेल? आणि जोडच मारायचा तर बरोबर पद्धत कोणती? दोन आठवड्यांवर गणपती आलेत. पंधरा-वीस माणसं जमतील, आणि बाबा प्रत्येकाला सांगणार की हे आमच्या इंजिनिअरने जोडलंय.

ठाण्याचा बंड्या:

एलएनबी बदल, सरळ. पावसाचं पाणी आत गेलं की तिचा कारभार आटोपतो. स्वस्त असते. नाहीतर वाऱ्याने छत्रीचं सेटिंग हललं असेल. माझ्या सासुरवाडीला असंच झालं होतं, एलएनबी टाकली आणि टीव्ही चालू.

जुना लाईनमन:

माडाखालचे भाऊ, एलएनबीला हात लावू नका. छत्रीला तर मुळीच लावू नका, नाहीतर ती हलेल आणि एकाचे दोन रोग होतील.

उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. पावसाने सिग्नल मरतो तो सर डोक्यावर असेपर्यंत. धो धो आला, पाच-दहा मिनिटं चित्र गेलं, सर ओसरली की परत आलं. त्याला कोणाकडे इलाज नाही. पण पाऊस थांबून चार तास झाले आणि चित्र अजून फाटतंय, ऊन लागलं की सुधारतंय, संध्याकाळच्या दमटपणात पुन्हा बिघडतंय, म्हणजे पाणी आभाळात राहिलेलं नाही, केबलमध्ये शिरलंय. छत्री हलली असती तर ती उन्हात परत जागेवर आली नसती. बंड्याशेठ, राग मानू नका.

मी मूळचा राजापूरकडचा. १९९३ पासून वीसेक वर्षं लालबागला केबलच्या लाईनवर काढली, आता गावी. तुम्ही मारलाय तसला जोड मी शेकड्यांनी मारलाय. उस्ताद म्हणायचा, ‘दोन पीळ जास्त दे आणि टेप मार.’ आम्ही मारायचो आणि चालायचंही. मग ९ मार्च १९९६ उजाडला. बंगळूरला भारत-पाकिस्तान, वर्ल्डकपची उपांत्यपूर्व. तिकडे अजय जडेजाने शेवटच्या षटकांत वकार युनूसला झोडायला घेतलं आणि इकडे आमच्या तीन चाळींत एकदम मुंग्या. मी गच्चीकडे धावलो. वाटेत प्रत्येक दारातून काय काय ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वर बघतो तर दोन चाळींच्या मधे टाकलेल्या केबलवर एका आजीबाईंनी ओली गोधडी वाळत घातलेली, आणि तिच्या वजनाने माझा पिळलेला जोड बोटभर सरकून उघडा पडलेला. आजी म्हणाल्या, ‘अरे, दोरी म्हणून घातली, बारीक होती पण मजबूत वाटली.’ चूक त्यांची नव्हतीच. जोड केबलइतका मजबूत असता तर गोधडी काय, सतरंजीही पेलली असती. त्या दिवसानंतर मी हाताने पिळलेला जोड मारला नाही.

आता, तेव्हा चालायचं ते तुमच्याकडे का चालत नाही ते सांगतो. आमचं त्या काळचं केबलचं काम साडेपाचशे मेगाहर्ट्झच्या आतलं. तुमच्या छत्रीतून खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला. दोन हजार मेगाहर्ट्झला केबलमधली एक लहर जेमतेम १२ सेंटिमीटरची, म्हणजे पाव लहर ३ सेंटिमीटर. तुमचा पिळलेला भाग केवढा असेल? बोटाची दोन पेरं तरी असणारच. तेवढ्या लांबीत तार आणि जाळी यांच्यामधला पांढरा फोम नाही, जाळीची नळी नाही, दोन तारा नुसत्या शेजारी झोपलेल्या. सिग्नलला तो पाव लहरीचा खड्डाच. थोडा पुढे जातो, थोडा आपटून मागे येतो. ५०-१०० मेगाहर्ट्झच्या लहरी मीटरांत मोजायच्या, त्यांना एवढ्याशा खड्ड्याचा पत्ताही लागायचा नाही. शिवाय तेव्हा चित्र बिघडलं तर मुंग्या यायच्या, भूत म्हणजे दुहेरी चित्र दिसायचं, माणूस तरी बघत बसायचा. डिजिटलमध्ये एका पातळीपर्यंत चित्र चकाचक आणि त्याखाली चौकोन. तुमचे पहिले आठ-दहा दिवस ‘झकास’ गेले ते असे, काठावर उभे राहून.

पण खड्ड्यापेक्षा पाणी वाईट. ही जी जाळी असते ना, ती समईतल्या वातीसारखी. वात तेल ओढते, जाळी पाणी ओढते. काळ्या सालीखालून पाणी दोन्ही बाजूंना चढत जातं आणि वरून काही दिसत नाही. दुधाच्या पिशवीने पाणी अडलं नाही, साठलं. वरून नाही आलं तर केबलवरून ओघळत सुतळीच्या गाठीतून आलं, आणि एकदा आलेलं बाहेर पडायला जागा नाही. तुमच्याकडची हवा खारी, जाळी बहुतेक अ‍ॅल्युमिनियमची. काय झालं असेल ते मी न बघता सांगतो: पांढरी पूड.

उद्या कोणाला तरी बॉक्सचा प्लग काढायला सांगा (प्लग आधी, कारण मधल्या तारेतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जातात आणि कापताना तार जाळीला टेकली की बॉक्सवर ताण) आणि जोड कापून काढा. मग दोन्हीकडे वीतभर साल सोला. जाळी चमकदार दिसेपर्यंत मागे मागे जा. किती मागे जावं लागलं ते इथे लिहा.

माडाखालचा:

काका, तुमचा शब्द खरा झाला. बाबांना फोनवर सांगत सांगत करून घेतलं. छत्रीकडच्या बाजूला दोन वीत मागे गेल्यावर स्वच्छ जाळी लागली. घराकडची बाजू उताराची, तिकडे दीड मीटर कापलं तरी जाळी काळपट-पांढरी, हाताला पिठासारखं लागतंय. बाबा म्हणाले, ‘भस्म निघतंय.’

म्हणजे नवी केबल घ्यायची, कळलं. पण देवगडात ज्या दुकानात बाबा गेले तिथे पिळून बसवायचेच कनेक्टर आहेत. दाबून बसवायच्या कनेक्टरांचं टूल काही नाही. मग मधल्या काळात मी मुख्य तार डाग देऊन जोडायला सांगू का? बाबांकडे सोल्डरिंगची बंदूक आहे, रेडिओ दुरुस्तीचा जुना नाद. आणि बाथरूमचं सिलिकॉन थोडं उरलंय, ते वरून थापलं तर पाणी थांबेल ना?

रेडिओवेडी:

हौशी रेडिओवाली आहे, नाशिकला असते, त्यामुळे डाग देण्यावर बोलायचा मला हक्क आहे. आमच्याकडे ५० ओहमच्या जाड केबलला पीएल-२५९ नावाचा कनेक्टर लागतो आणि तो डाग देऊनच बसवतात. पण त्या कनेक्टरची रचनाच त्यासाठी केलेली असते. तुमच्या ७५ ओहमच्या आरजी-६ मध्ये (डिशला वापरतात ती केबल) मधल्या तारेभोवती पांढरा फोम आहे, तो उष्णतेने लोण्यासारखा वितळतो. तार मधोमध राहत नाही, एका बाजूला सरकते, कधी थेट जाळीला टेकते. बाहेरून डाग सुंदर दिसतो आणि आत सत्यानाश. त्यातून जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तिला साधा डाग धरतच नाही. वडिलांना बंदूक रेडिओसाठी ठेवू दे.

पाण्याचं काका म्हणतात त्यात एक आकडा घालते. केबलचे ७५ ओहम (सिग्नलला जाणवतात ते, मल्टीमीटरवर दिसतात ते नव्हे) ठरतात ते तार केवढी जाड, जाळी तिच्यापासून किती लांब आणि मधे काय भरलंय यावर. फोमचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (मधला पदार्थ विद्युत क्षेत्रावर किती परिणाम करतो तो आकडा) दीडच्या आसपास, पाण्याचा ८० च्या आसपास. म्हणजे जिथे पाणी शिरलं तिथे ती ७५ ओहमची केबल राहिलीच नाही. आमच्याकडे एका सभासदाने अँटेना तीनदा बदलली होती. शेवटी केबलचं खालचं टोक सोडलं तर त्यातून चमचाभर पाणी निघालं.

आणि आंबट वासाचं सिलिकॉन अजिबात नको. तो व्हिनेगरसारखा वास अ‍ॅसेटिक आम्लाचा असतो, आणि ते वाळताना तांबं खातं. बाथरूमचं बहुतेक तेच असतं.

जुना लाईनमन:

बाई बोलल्या ते सगळं मान्य. डाग नको, आंबट सिलिकॉन नको, आणि पिळून बसवायचे कनेक्टर तर नकोतच. ते कनेक्टर म्हणजे बाटलीचं बूच. जाळीवर आटे फिरतात, पहिल्या दिवशी घट्ट वाटतात, मग वाऱ्याने केबल हलत राहते आणि ढिले होतात. घरात, भिंतीआड, एकवेळ. कातळावर नाही.

टूल विकत घेऊ नका. तुमच्या पंचक्रोशीत छत्र्या बसवणारा कोणी पोरगा असेल, त्याच्याकडे दाबून बसवायचं कॉम्प्रेशन टूल असतंच. दोन कनेक्टरांसाठी बोलवा, चहापाणी करा, पैसे द्या. पण तो करतो ते बघत उभे राहा, कारण घाईत सगळेच चुकतात, मीही चुकायचो. काय बघायचं ते सांगतो.

आधी केबल आणि कनेक्टर एकाच मापाचे आहेत ना. आरजी-६ बाहेरून ६.९ मिलिमीटरच्या आसपास, आरजी-५९ सहापेक्षा जराशी जास्त. दुकानात दोन्हीला ‘डिशचं कनेक्टर’ म्हणतात. आरजी-५९ चा कनेक्टर आरजी-६ वर चढत नाही, आणि उलटं केलं तर सैल बसतो. मग लोक जाळीवर टेप गुंडाळून जाड करतात. असं करणाऱ्याला मी घरात घेणार नाही.

केबलचं टोक सरळ, काटकोनात कापलेलं हवं. चपटं झालेलं टोक बोटांनी परत गोल करायचं. मग सोलणं. पुढे मधली तार उघडी साधारण ८ मिलिमीटर, तिच्यामागे पांढरा फोम ६-७ मिलिमीटर, त्याच्यामागे साल. जाळी सालीवर उलटी मुडपायची, पावसात छत्री उलटी होते तशी, आणि सगळीकडे सारखी. फोमला चिकटलेला चंदेरी पत्रा सोलायचा नाही, तो तिथेच राहतो. त्याची टोकं फाटून मधल्या तारेकडे झुकली नाहीत ना, एवढंच बघायचं. जाळीचा केसाएवढा धागा तारेला टेकला तर बॉक्स ‘शॉर्ट’ दाखवून बंद. मी प्रत्येक टोक उजेडाकडे धरून फिरवून बघायचो, सुईत दोरा ओवताना बघतात तसं. आता चष्मा लागतो, पण बघतो.

मधली तार म्हणजे आत पोलाद, वर तांब्याचा पातळ मुलामा. सिग्नल वरच्या कातडीतूनच धावतो म्हणून हे चालतं. पण ब्लेडने चर पडला की तांबं गेलं, पोलाद उघडं पडलं, आणि खाऱ्या हवेत तिथून गंज सुरू. चर पडलेली तार वाकवली तर मोडतेही. म्हणून सोलल्यावर तारेवर पांढरा पापुद्रा राहिला तर तो नखाने काढायचा. ब्लेडने खरवडायचा नाही. मी नवीन पोरांना हे शिकवताना ब्लेड काढूनच घ्यायचो.

आता कनेक्टर चढवायचा. सरळ, जोर लावून, जराशी बोटं फिरवत. खोलवर गेला का हे आत डोकावून बघा: पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या तळाशी एका पातळीत आला पाहिजे. मागे राहिला तर मधे पोकळी, तिथे सिग्नल आपटतो. पुढे आला तर कनेक्टर सॉकेटात पूर्ण बसत नाही. आणि मधली तार नटाच्या तोंडाबाहेर एक-दोन मिलिमीटर, फार तर तीन. माझ्या अनुभवात दहातल्या सात तक्रारी या एका ठिकाणच्या. तार आखूड, ती सॉकेटातल्या पाकळ्यांना धड धरत नाही, माणूस केबल हलवतो, चित्र येतं, सोडतो, जातं. हे सगळं जागेवर दिसलं की मगच टूलमध्ये घालून दाबायचं. एकदा दाबलेला कनेक्टर परत निघत नाही, कापून टाकायचा आणि नवा घ्यायचा. त्यात कंजुषी नको.

एलएनबीवर हाताने घट्ट करून मग ११ नंबरच्या पान्याने पाव फेरा. बॉक्सच्या मागे मात्र पाना लावू नका. ते सॉकेट आतल्या सर्किटच्या पाटीवर डाग देऊन बसवलेलं असतं, ते तडकतं आणि मग बॉक्स गेला.

नवी केबल एका तुकड्यात घ्या. ३५ लागते तर ४० आणा, दोन्ही टोकांना हात-दीड हात जास्तीची ठेवा, पुढच्या वेळी कापायला. मधे जोड नको. सगळ्यात चांगला जोड मी कुठला बघितला म्हणाल तर जो मारावाच लागला नाही तो. नवी येईपर्यंतच्या चार दिवसांपुरतं चालवायचं असेल तर भिजलेली बाजू सगळी काढून टाका, उरलेल्या चांगल्या टोकांना दोन कनेक्टर आणि मधे जॉइंटर. जॉइंटर घेताना त्यावर ३ गिगाहर्ट्झ लिहिलेला बघा. जुन्या केबल टीव्हीचे १ गिगाहर्ट्झवाले अजून बरण्यांत पडलेले असतात, दिसायला जुळे भाऊ.

टेपेचं. काळी टेप एकटी काही कामाची नाही, उन्हाने तिचा गोंद सुटतो आणि हात चिकट होतात तेवढंच. काळी, चिकट नसलेली रबरी टेप मिळते, ताणून गुंडाळली की आपल्याआपल्यात एकजीव होते. ती केबलच्या खालच्या बाजूने सुरू करून वर न्यायची, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा. तुम्ही कोकणातले, तुम्हाला कौलं शाकारणं माहीत आहे. वळचणीकडून वर चढत जातात, वरचं कौल खालच्यावर, म्हणून पाणी आत घुसत नाही. तेच. वरून उलट खाली गुंडाळली तर प्रत्येक वेढा पाणी झेलणारी पन्हळ. तिच्यावर मग साधी काळी टेप, उन्हापासून संरक्षणाला. आणि हे सगळं कोरड्या दिवशी, कोरड्या कनेक्टरवर. ओल्यावर गुंडाळलीत तर दुधाची पिशवीच झाली पुन्हा.

एलएनबीखाली केबलला एक झोका द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकेल. घरात शिरते तिथेही झोका, आणि भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं. झोका मोकळा ठेवा, वळणाची त्रिज्या ७ सेंटिमीटरपेक्षा कमी नको, नाहीतर आतला फोम चेपतो.

माडाखालचा:

काका, हे मी छापून बाबांना वाचून दाखवलं. ‘असं करणाऱ्याला मी घरात घेणार नाही’ यावर ते इतके हसले की आई आतून बघायला आली.

एकच शंका. टोकं बसवल्यावर वर चढवण्याआधी तपासायचं कसं? मल्टीमीटर आहे घरी.

जुना लाईनमन:

दोन्ही टोकं मोकळी ठेवून मधली तार आणि कनेक्टरचं अंग यांच्यात ओहम मोजा. काहीच दाखवता कामा नये. काही दाखवलं तर धागा टेकलाय, टोक कापा. मग एका टोकाला तार आणि अंग यांचा चिमट्याने शॉर्ट करा आणि दुसऱ्या टोकाला मोजा. ३५-४० मीटर पोलादी तारेला चार-पाच ओहमच्या आसपास यावं. पंधरा-वीस दाखवलं किंवा केबल हलवली की आकडा नाचला तर कनेक्टर धड बसलेला नाही. चिमटा काढायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो, छपरावर अर्धा तास डोकं खाजवत.

एवढ्याने सिग्नलची सगळी परीक्षा होत नाही, पण ढोबळ चूक सापडते.

मालवणचो झील:

वरचं सगळं बरोबर, पण झाडाझाडाला बांधून नेऊ नका परत. माकडाक केबल म्हणजे झोपाळो. आमच्याकडे वर्षात दोनदा तोडली. शेवटी अर्ध्या इंची प्लास्टिक पाइपातून गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने नेली, चार पावसाळे झाले, हात लावला नाही. केबल पाइपात आधी ओवायची आणि कनेक्टर मग बसवायचे, नाहीतर ओवताना कनेक्टर अडकतो. मी तेच केलेलं.

जुना लाईनमन:

पाइप उत्तम. फक्त सगळ्यात सखल जागी पाइपाला खालून एक भोक पाडा. पाइपात पाणी येणारच, तुम्ही कितीही बुचं मारा, त्याला जायला वाट हवी. आणि दसऱ्यानंतरच्या परतीच्या पावसात गडगडायला लागलं की बॉक्सचा प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवायची सवय बाबांना लावा. कातळावर उघड्यात लोखंडी छत्री आहे.

माडाखालचा:

उशिरा कळवतोय, गणपतीच्या गडबडीत राहून गेलं.

कणकवलीहून ४० मीटर केबल आणि सहा कनेक्टर आणले. जामसंड्याच्या एका मुलाकडे टूल मिळालं. पहिला कनेक्टर त्याने झटपट दाबला, बाबांनी आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, ‘फोम मागे राहिलाय.’ मुलगा म्हणाला, ‘काका, चालतं तेवढं.’ बाबा म्हणाले, ‘राजापूरचे एक गृहस्थ आहेत, ते घरात घेणार नाहीत.’ त्याने कापला आणि परत बसवला. दुसऱ्या वेळी खरंच तळाशी एका पातळीत आला, मीही बघितलं. मीटरवर साडेचार ओहम. पाइप गडग्याच्या कडेने, सखल जागी भोक, दोन्हीकडे झोके. टेप बाबांनी स्वतः गुंडाळली, खालून वर.

क्वालिटी ७८. चतुर्थीच्या आदल्या रात्री तुफान पाऊस झाला, चित्र सात-आठ मिनिटं गेलं, सर ओसरल्यावर आपोआप आलं. सकाळी पुन्हा ७८.

जुनी केबल सोलून बघितली. घराकडच्या बाजूला जोडापासून साडेतीन मीटरपर्यंत जाळी काळी पडली होती. एवढ्या लांब पाणी गेलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

ठाण्याचा बंड्या:

एलएनबीचं मी माघारी घेतो. सासुरवाडीला बहुतेक एलएनबी बदलताना टोक नवीन कापलं म्हणून चालू झालं असेल. आता कोणाला सांगू नका.

माडाखालचा:

बंड्याशेठ, नाही सांगत. काका, एक राहिलं. जुन्या केबलचा उरलेला चांगला तुकडा आईने मागीलदारी दोन माडांना बांधलाय, कपडे वाळत घालायला. आज त्यावर गोधडी आहे.

जुना लाईनमन:

आईंना नमस्कार सांगा. नव्या केबलपासून लांब बांधलाय ना, तेवढं बघा.